पाठीचा फोटो

त्वचारोगाच्या दवाखान्यात रुग्णांची माहिती बाहेर फुटू न देणं, हेच वहिनीचं काम. धाकट्या दिराला तिनेच शब्द टाकून तिथे नोकरीला लावलं, आणि त्याचं ऐकून सगळा स्टाफच तिला वहिनी म्हणू लागला. संगणकांना पेनड्राइव्ह लागू नये, फोटो उतरवून घेता येऊ नयेत, असा चोख बंदोबस्त तिने केला होता. लोकांच्या खिशातल्या मोबाइलला मात्र तिचं कुलूप नव्हतं.

सकाळी तिथे उपचार घेणारी एक शिक्षिका आली. आरडाओरडा नाही, काही नाही. तिने नुसता फोन टेबलावर सरकवला. त्यात तिची उघडी पाठ होती, खवल्यांनी भरलेली. वर ठळक अक्षरांत तिचं नाव, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, ‘मगर पाळणार का?’

"ही पाठ मी नवऱ्यालासुद्धा उजेडात दाखवत नाही हो," ती म्हणाली. "आता वर्गातल्या मुलांच्या आईबापांकडे फिरतेय."

कुणीतरी संगणकाचा पडदाच मोबाइलने टिपला होता. तिने फोटो मोठा करून पाहिला, तर पडद्याच्या काळ्या भागात टिपणाऱ्याच्या शर्टाचं प्रतिबिंब दिसलं. पिवळ्या-निळ्या चौकड्या. दिराच्या नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी तिनेच हौसेने घेतलेला शर्ट. तो फोटो उघडल्याची संगणकावरची नोंदही त्याच्याच नावाची निघाली. या प्रकाराचा तिचा अहवाल उद्यापर्यंत साहेबांकडे जायचा होता.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच तिने विचारलं, "भाऊजी, त्या बाईंचा फोटो तुम्ही काढलात ना?"

दीर गालातल्या गालात हसला. "अहो वहिनी, गंमत होती. एकालाच पाठवला होता मी. तो पुढे गेला त्याला मी काय करू?"

सासूबाई मध्ये पडल्या. "पोराची नोकरी जाईल गं. कोणी केलं ते सापडलं नाही म्हणून लिही ना."

"आणि त्या बाईंचं काय, आई?"

"उगाच राईचा पर्वत करू नकोस," नवरा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "चेहरा तरी कुठे दिसतोय त्यात?"

फोटोत काय दिसतं नि काय नाही, याबद्दल तिने घरात चकार शब्द काढला नव्हता.

"तुला कसं माहीत?"

नवऱ्याने दिराकडे पाहिलं, दिराने स्वतःच्या पायांकडे. मगरीचं ते वाक्य कुणाचं, हेही आता तिच्या लक्षात आलं. असलेच विनोद नवरा तिच्या बहिणीच्या वजनावर करायचा, आणि वर म्हणायचा, तुम्हाला हसताच येत नाही. रात्री आपल्या पाठीवर पडणाऱ्या त्याच्या हाताची तिला किळस आली.

सासूबाईंनी लगबगीने खिडकी लावून घेतली आणि आवाज खाली आणला. "हे बघ, घरातली गोष्ट चार लोकांत जाता कामा नये. अब्रूचा प्रश्न आहे."

म्हणजे अब्रू जाणं काय असतं, हे यांना कळत होतं तर!

तिने जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला. फोटो कुणी काढला, तिथे दिराचं नाव दुपारीच लिहून झालं होतं. पहिल्यांदा बाहेर कुणाकडे गेला, ती जागा तेवढी रिकामी होती. तिथे तिने नवऱ्याचं नाव लिहिलं, त्यापुढे त्याचं आपल्याशी असलेलं नातंही लिहिलं, आणि त्या तिघांच्या देखत अहवाल पाठवून दिला.