उजवीकडची बाटली

प्रतापराव भोइट्यांच्या घरात तलवारी सात. त्यांतल्या म्यानातून निघतील अशा तीन. भाले दोन, ढाल एक, आणि होळकरांच्या रिसाल्यातल्या आजोबांचा फोटो एक, ज्यात आजोबांपेक्षा घोडा जास्त स्पष्ट आलेला. इंदूरच्या छत्रीबागेतल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत मी नऊ वर्षं भाड्यानं राहिलो, त्यामुळे ही मोजदाद चुकायची नाही. खुद्द प्रतापराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. संस्थान गेलं, मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला, तसतसे ते फायलींसकट इकडून तिकडे सरकवले गेले. पण खुर्चीवर बसायचे ते खोगिरावर बसल्यासारखे.

चीनच्या लढाईच्या पुढच्या वर्षी त्यांच्या एकुलत्या मुलाला, संताजीला, हवाई दलाच्या निवड मंडळानं पसंत केलं. पायलट होणार! राहिली होती फक्त डॉक्टरी तपासणी, दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी. "भोइट्यांच्या घरात आजवर कुणाला चष्मा लागला नाही, पंत," हे प्रतापराव मला मुद्दाम ऐकवायचे, कारण मी राजवाड्यामागच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर, आणि माझ्या स्वतःच्या नाकावर बाटलीच्या बुडाएवढी भिंगं.

त्याच सुमारास संताजीच्या मामानं, जो बोटीवर नोकरीला होता, विलायतेहून एक खोका आणला. आत प्लॅस्टिकचं विमान, पण सुट्या तुकड्यांत. झाकणावर मागच्या महायुद्धातलं लढाऊ विमान, हिरव्या आणि मातकट पट्ट्यांचं, धुरातून बाहेर येणारं. खोक्यात करड्या चौकटी, आणि कैऱ्या लगडाव्यात तसे चौकटींना लगडलेले तुकडे. मी मोजले. सत्तेचाळीस. वैमानिक धरून, तो नखाएवढा.

नवरात्रात रोज दुपारी संताजी ओसरीवर बसायचा. ब्लेडनं एक तुकडा सोडवायचा, त्याची कड पॉलिशपेपरनं घासायची, टाचणीच्या टोकानं डिंक लावायचा, कपड्यांचे चिमटे लावून तासभर हात लावायचा नाही. वीस वर्षांचा दांडगा मुलगा, श्वास रोखून बसलेला.

"काय भिया, सरकारची विमानं पण अशीच डिंकानं चिकटवतात का?" मी चिडवायचो.

"बाळूभिया, तुम्ही बोला, पण तिकडे तोंड करून. चाक उडेल यार."

खोक्यात सगळं होतं, फक्त रंग नव्हते. ते राजवाड्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या हरी पेंटरनं घोटून दिले. बाटल्या माझ्या दवाखान्यातल्या, औषधाच्या, आरपार दिसणाऱ्या काचेच्या. एकीत हिरवा, एकीत मातकट. चिठ्ठी कुठलीच नाही. चिठ्ठ्या लावायची ती कमल, संताजीची थोरली बहीण. दोघं लहान असताना ती त्याच्या खडूंना कागद गुंडाळून वर लाल, हिरवा, तपकिरी असं लिहून ठेवायची. तेव्हा मी म्हटलं होतं, मुलगी टापटिपीची आहे. माणसं ओळखण्यात मी सहसा चुकत नाही, तिथे चुकलो. वैशाखात कमलचं लग्न होऊन ती बेटम्याला गेली, आणि संताजीनं आयुष्यात पहिल्यांदा एकट्यानं रंगकाम केलं.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा. प्रतापरावांनी पाटावर सातही तलवारी मांडल्या आणि मधोमध विमान ठेवलं. "आता घराण्याचं शस्त्र हे." आलेले नातलग वाकून वाकून पाहत होते. तुकोजीराव म्हणून प्रतापरावांचे एक चुलते, त्यांनी मान कलती केली.

"क्या बात है संतूभिया! पण हा डावा पंख काय आजारी आहे काय?"

"काका, त्याला कॅमोफ्लाज म्हणतात," प्रतापराव म्हणाले. "शत्रूला कळू नये म्हणून असंच वेडंवाकडं असतं."

सगळे हसले. मीही वाकलो. डाव्या पंखावरचा एक पट्टा हिरवा निघाला होता आणि मध्यावर मातकट झाला होता. झाकणावरच्या चित्रात तसं काही नव्हतं. पहिल्या दिवशी अर्धा पट्टा झाला, दुसऱ्या दिवशी हाताला दुसरी बाटली आली, आणि त्यानं उरलेला अर्धा भाग पूर्ण केला. जोड इतका सफाईनं साधला होता की तो साधणाऱ्याला तिथे दोन रंग आहेत याचा पत्ताच नसणार.

आमच्या दवाखान्यात रेल्वेची माणसं यायची. त्यांना ठिपक्यांचं पुस्तक दाखवायचं काम माझं. रंगीत ठिपक्यांत रंगीत ठिपक्यांचाच आकडा लपवलेला. ज्याला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही त्याला आकडा दिसत नाही. असा माणूस इंजिनावर चालत नाही. ते बाप्ये डॉक्टरांचे पाय धरायचे. डॉक्टर सही करायचे नाहीत. कारण मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मान वर केली तर समोर इंदिराबाई, संताजीची आई. हातात हळदकुंकवाचं तबक, आणि नजर त्याच पंखावर.

दुपारी पाहुणे पांगल्यावर त्या माझ्या दाराशी आल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"बाळकृष्णजी, तुम्हाला कळलं ना?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"माझ्या वडिलांचं असंच होतं. पिकलेला आंबा ते वासानं ओळखायचे. हे आईकडून मुलाला येतं म्हणतात. यांना कळलं तर म्हणतील, तुझ्या माहेरानं माझं घराणं बुडवलं." मग जरा थांबून, "तुमच्याकडे ते पुस्तक असतं ना? ज्यातून विचारतात?"

"असतं. पण वहिनी, त्याला पुढे विमान चालवायचंय."

"वर कुठे आलेत रंग? वर तर सगळं निळंच असतं."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. ते मी दिलं नाही. प्रतापरावांच्या घरात चष्मेवाल्या भाडेकऱ्याची कुणाला गरज पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि पडली तेव्हा ती मला गोड लागली, हे इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक टिफिनच्या पिशवीतून घरी आणलं. संताजीला खोलीत बसवलं, पान उघडलं.

"काय दिसतं?"

"ठिपके."

"आकडा?"

"कुठला आकडा?" तो हसला. मग माझं तोंड पाहून हसायचा थांबला. मी त्याच्यासमोर त्याच दोन बाटल्या ठेवल्या. तो किती तरी वेळ एकीकडून दुसरीकडे बघत राहिला.

"सही में वेगळ्या आहेत?"

"पान आणि माती यांच्याइतक्या."

"बाळूभिया, मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. तुम्ही लोकांनी फक्त नावं नीट पाठ केलीत, आणि मी अभ्यासात कच्चा."

मग त्यानं नावं नाही, आकडे पाठ केले. नुसता क्रम पाठ करून भागत नाही हे मला ठाऊक होतं. आम्हीच पानं उलटसुलट दाखवायचो, कारण रेल्वेवाले क्रम पाठ करून येत. पण पुस्तक सगळीकडे हेच असतं, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक बारीक नंबर असतो. मी त्याला तो नंबर शिकवला. कोपरा बघायचा, आकडा सांगायचा, आणि सांगण्याआधी एक क्षण थांबायचं, खरा बघणारा थांबतो तसं. हे थांबायचं माझ्या डोक्यातून निघालेलं. डॉक्टरांना दहा वर्षं जे पकडायला मदत केली, ते सगळं मी बारा दिवसांत उलटं करून दिलं.

तो पास झाला. भरतीची गर्दी होती, त्या डॉक्टरांनी पानं भराभर उलटली, यानं भराभर उत्तरं दिली, थांबायचंसुद्धा विसरला. प्रतापरावांनी गल्लीत पेढे वाटले.

भाऊबीजेला कमल बेटम्याहून आली. खंडेनवमीच्या विमानाची गोष्ट तिला तुकोजीरावांनी हसत हसत सांगितली होती. ती मात्र आली ती हसत नव्हती. संताजी पाटावर बसला, तिनं ओवाळलं. मग उठून फडताळातलं विमान आणलं, दोन बाटल्या आणल्या, कुंचला आणला आणि पाटापुढे मांडलं. एक बाटली डावीकडे, एक उजवीकडे.

"ओवाळणीत मला लुगडं नको संतू. हा पंख नीट करून दे. पट्टा अर्ध्यात बदललाय. हिरवा लाव."

"हे काय खूळ?" प्रतापराव म्हणाले.

"माझी ओवाळणी आहे, आबासाहेब. मी काहीही मागीन." मग एकदम, "त्याला रंग दिसत नाहीत. लहानपणापासून नाही. मी चिठ्ठ्या लावायचे. मला वाटलं मोठा झाल्यावर जाईल. त्याला विमानात बसवू नका."

इंदिराबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"हवाई दलाचे डॉक्टर खोटे आणि तू खरी?" प्रतापराव हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू आवाज वाईट. "संताजी, लाव हिरवा. हिला दाखव."

संताजीनं कुंचला घेतला. हात दोन्ही बाटल्यांवर तरंगला आणि डावीकडे निघाला. डावीकडे मातकट होता.

आता विचार केला तर त्या क्षणी माझ्यासमोर सगळं स्पष्ट होतं. गप्प बसलो की तो मुलगा इंदुरात कारकून होणार, म्हातारा होणार, बापाच्या शिव्या खात जगणार. बोललो की जाणार. आणि गप्प बसलो तर प्रतापराव विचारणार, मग तपासणीत पास झाला कसा. आणि ते विचारत विचारत माझ्या टिफिनच्या पिशवीपर्यंत येणार, आणि तिथून माझ्या डॉक्टरांपर्यंत.

"जपून भिया," मी म्हणालो, "ती उजवीकडची बाटली कलंडेल."

हात वळला. त्यानं उजवीकडची बाटली उचलली, कुंचला बुडवला आणि पट्ट्याचा उरलेला अर्धा भाग हिरवा केला. किनार न सोडता, न थरथरता. हात खरंच चांगला होता त्याचा.

"बघितलंस?" प्रतापराव म्हणाले. "पंत, तुम्ही सांगा हिला. तुमचा रोजचा धंदा आहे."

"नजर उत्तम आहे," मी म्हणालो.

कमलनं बापाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "बाळूभिया, रेल्वेवाल्यांना पण अशाच बाटल्या जपायला सांगता का तुम्ही?" आणि संध्याकाळच्या बसनं ती बेटम्याला परत गेली.

संताजी जायच्या दिवशी माझ्या खोलीत आला, वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले.

"त्या दिवशी चुकलो असतो ना?"

"हो."

"जाऊ द्या. वर कोण बाटल्या मांडून बसलंय!" आणि हसला.

पत्रं आठवड्याला एक येत होती. एकट्यानं विमान उडवलं ते पत्र प्रतापरावांनी मला चारदा वाचायला लावलं. पाचव्या महिन्यात तार आली.

तेरावा झाल्यावर तिकडच्या अधिकाऱ्यांचं सविस्तर पत्र आलं. कचेरीतलं इंग्रजी प्रतापराव स्वतः वाचत. हे त्यांनी माझ्या हातात दिलं. मी मराठीत सांगत गेलो. सरावाच्या विमानाचा रेडिओ बंद पडला होता. धावपट्टीवर दुसरं विमान उभं होतं. रेडिओ नसला की मनोऱ्यावरून दिव्यानं इशारा करतात. हिरवा म्हणजे उतर, लाल म्हणजे उतरू नको. ड्यूटीवरचे कार्पोरल लक्ष्मण यांनी दोनदा लाल दिवा दाखवला. संताजीनं पंख हलवून इशारा पोचल्याची खूण केली आणि विमान सरळ खाली आणलं.

इंदिराबाई स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या. कमल त्यांच्याशेजारी. ती तेरा दिवस तिथेच होती आणि माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"खूण केली म्हणजे त्याला दिवा दिसला," प्रतापराव म्हणाले. खुर्चीत ते आता नुसते बसलेले होते, कुणीही बसतं तसे. "दिसला, आणि तो उतरला. म्हणजे दिवा हिरवा होता. बरोबर ना पंत?"

मी चष्मा पुसला.

"माझा मुलगा बेशिस्त नव्हता. लाल दिसल्यावर तो उतरलाच नसता. नजर उत्तम होती, तुम्हीच म्हणाला होतात. आमच्यासमोर म्हणाला होतात."

"हो."

"मग त्या माणसानं हिरवा दाखवला आणि आता लाल सांगतोय. चौकशी व्हायला पाहिजे. तुम्ही लिहा. तुमचं इंग्रजी बरं आहे, आणि डोळ्यांच्या दवाखान्यातले आहात, तेही लिहा. म्हणजे वजन येईल."

मी इंदिराबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि मान खाली घातली. मी कमलकडे पाहिलं. तिनं ओठ उघडले. मग बापाचे खुर्चीच्या हातावरचे हात तिला दिसले असावेत. ते थांबतच नव्हते, लाकूड चाचपत होते. ती उठली आणि आत निघून गेली.

प्रतापरावांनी टाक आणि कागद स्वतः आणून दिले. मी लिहिलं, की मुलाची दृष्टी निर्दोष असल्याचं मी जाणकार या नात्यानं सांगू शकतो. की चूक मनोऱ्यावरच्या माणसाची असली पाहिजे. की त्याच्यावर कारवाई व्हावी.

"नाव घातलंत त्याचं?" त्यांनी विचारलं.

"घालतो," मी म्हणालो, आणि अधिकाऱ्यांच्या पत्रातून एकेक अक्षर पडताळून कार्पोरल लक्ष्मण यांचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं.