तिसरी कॉपी

अंगणात पाटावर तीन हार्डडिस्क ओळीने उन्हात ठेवल्या होत्या. शेजारी माझे पाने आणि पकडी, घासून लख्ख केलेल्या.

"धुतल्या?" मी विचारलं.

"मंग? दसऱ्याले हत्यारं धुतच असतो ना आपण," विमल म्हणाली. "चांगल्या साबणाच्या पाण्यात बुडवून."

मी पंप दुरुस्त करणारा. चाळीस वर्षं दसऱ्याला माझी हत्यारं तिनेच धुतली. तिला काय बोलणार?

आमचा नयन लग्नांचे व्हिडिओ काढायचा. प्रत्येक काम तीन डिस्कवर ठेवायचा, आणि तिन्ही एका छताखाली ठेवायच्या नाहीत हा त्याचा नियम. एक बाभुळगावात आमच्या घरी, दुसरी शेजारच्या विठ्ठलरावांकडे, तिसरी बोरी अरबला माझ्या बहिणीकडे. दोन वर्षांपूर्वी अपघातात तो गेला. मोबाईलचाही चुरा झाला. त्याचं दुकान आवरलं, कॉम्प्युटर विकला. नियम तेवढा मी चालवला. दर महिन्याला एसटीने बोरीला जायचो आणि भाचीच्या लॅपटॉपवर तिसरी डिस्क लावून पाहायचो.

लग्नांच्या त्या गर्दीत अकरा मिनिटांची एक फाईल होती. नयन नवा माईक तपासतो आहे. समोर विमल भाकरी थापते आहे आणि मागून त्याचा आवाज येतो, "हास ना व आई. दात काय उसने आणले?"

त्याचा आवाज तेवढाच राहिला होता. विमलने ती फाईल एकदाही पाहिली नव्हती. हिंमत झाली की पाहीन म्हणायची. आहे ना, एवढंच विचारायची.

दसऱ्याला घरची आणि विठ्ठलरावांकडची अशा दोन डिस्कना कुंकू लावायचं आणि तिसरीला दुसऱ्याच्या घरी ठेवायचं, हे तिला बरं वाटत नव्हतं. एका दिवसानं काय होतं, म्हणून तिसरी मीच घेऊन आलो होतो.

दसरा झाल्यावर यवतमाळच्या दुरुस्तीवाल्याने तिन्ही उघडून पाहिल्या. पाणी आतल्या तबकड्यांपर्यंत गेलं होतं. तो बराच वेळ खटपट करत राहिला. मग म्हणाला, "काका, आणखी एखादी कॉपी असन ना कुठं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

धुताना डिस्कवर चिकटवलेल्या नयनच्या हातच्या चिठ्ठ्याही निघून गेल्या होत्या. दुरुस्तीवाल्याकडून पेन घेतलं आणि डिस्कवर माझ्या वाकड्या अक्षरात एक, दोन, तीन लिहिलं.

घरी आलो तर विमल दारातच होती.

"चालू हायेत ना?"

"हायेत."

"तिन्ही?"

"तिन्हीत सारखंच हाये."

तिने तिसरी डिस्क नयनच्या मफलरमध्ये गुंडाळली. "उद्याच बोरीले नेऊन द्या. एका घरात ठेवल्या म्हणून तो रागवन."

सकाळच्या एसटीत ती मांडीवर घेऊन बसलो. रस्ता खराब होता. खड्डा आला की मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरत होतो.