काळ्या बाहीचा माणूस

सातव्या गल्लीचं पाणी बंद झालं, तेव्हा पाणी समितीनं तातडीनं पाऊल उचललं. गल्लीच्या तोंडाशी फलक लावला : 'पाणी जपून वापरा.'

गल्लीनं ते मनावर घेतलं. नसलेलं पाणी जितकं जपून वापरता येतं, तितकं बाया वापरू लागल्या.

कुंभारीच्या त्या कामगार वसाहतीत पाणी तीन दिवसांआड यायचं आणि तेही मध्यरात्रीनंतर. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. सोलापूरकराला रोज पाणी आलं तर त्याला पाइप फुटल्याची शंका येते. पण सहावीला पाणी येत होतं, आठवीला येत होतं, मधल्या सातवीला तेवढं येत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एक चेंबर होता. त्यातला व्हॉल्व रात्री कुणीतरी बंद करत होतं. तो बंद झाला की सातवीचं पाणी जोर धरून पुढं जायचं आणि रस्त्याकडेच्या गाड्या धुण्याच्या सेंटरवर पोचायचं. सेंटर नंदीशअण्णांचं. पाणी समितीचे अध्यक्षही नंदीशअण्णाच. एका माणसानं दोन दोन जागी सेवा करायची म्हणजे सोपं काम नाही. चेंबरवरचा दिवा समितीनं दुरुस्तीसाठी काढून नेला होता. त्याला दोन महिने झाले, दिव्याच्या प्रकृतीला अजून उतार नव्हता.

मनकर्णाबाई समितीच्या खोलीवर गेल्या. एका दवाखान्यात तीस वर्षं रात्रपाळीची आया म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. डॉक्टरांना झोपेतून उठवायची सवय असल्यामुळं अध्यक्ष वगैरे मंडळींचं त्यांना दडपण नव्हतं.

"व्हॉल्व कोण बंद करतंय, ते बघा की जरा."

नंदीशअण्णांनी आपल्या पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या बाहीवरची नसलेली धूळ झटकली. "मावशी, पुरावा आणा. रविवारी बैठक हाय. पुरावा आला तर बघू. न्हाय आला तर सातवीची लाइन खराब हाय म्हणून जोडणी कायमची तोडायचा ठराव मांडणार. टँकर लावून घ्या तुमी."

"लई अंधार असतोय तितं. फोटोत काय दिसंल?"

"तेच तर मी म्हणतोय," अण्णा प्रेमानं म्हणाले.

मनकर्णाबाई परत आल्या आणि गल्लीला म्हणाल्या, "अंधारात दिसायचं यंत्र मिळतंय म्हणं. आणू या."

गल्लीतल्या प्रत्येक घरानं जमेल ते दिलं. सोबतीला समोरचे गुरुलिंगअप्पा निघाले. चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यात ते डाईंग मास्तर होते. म्हणजे सूत रंगवायच्या खात्याचे प्रमुख. निवृत्तीनंतर घरातल्या प्रत्येक वस्तूच्या रंगावर मत द्यायचे. त्यामुळं त्यांच्या पत्नी हेमावतीबाईंनीच त्यांना दाराबाहेर काढलं. "साकु, साकु! झालं तेवढं पुरे. माझ्या भाजीचा रंग बघण्यापेक्षा मावशींसंगं जावा."

भवानी पेठेत दिपकचं दुकान होतं. मोबाइलची कव्हरं, कॅमेरे, लग्नाच्या माळा, सगळं एकाच कपाटात.

"मावशी, सरळ खांबावर सीसीटीव्ही लावा की," दिपक म्हणाला.

"खांब समितीचा हाय. परवानगीचा अर्ज अण्णाकडंच द्यायचा."

दिपकला परिस्थिती समजली. त्यानं एक चष्मा काढला. "बाराशे. मिलिटरीवाले वापरतात."

मनकर्णाबाईंनी तो डोळ्याला लावला. सगळं हिरवं दिसलं. "शटर ओढ."

"अहो, गिऱ्हाईक..."

"आमी कोण हाय मग? ओढ. दिवे बी घालव."

दुकानात मिट्ट काळोख झाला. अप्पा कशाला तरी धडकले आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. मनकर्णाबाईंचा आवाज आला, "ह्यात हिरवी काच हाय आणि कडंला एक बारका बल्ब. खेळणं हाय हे. मिलिटरीतली पोरं वापरत असतील, घरी सुट्टीला आल्यावर. दुसरं दाखव."

दिपकनं दिवा लावून काचेच्या कपाटातली वस्तू बाहेर काढली. तिच्याकडं बघतानाही त्यानं हात पुसले. "थर्मल. अंगाच्या उष्णतेवर चालतं. किंमत ऐंशी हजारांपासून पुढं."

"एप्रिल चाललाय," अप्पा म्हणाले. "रात्री बारालासुद्धा आमच्या भिंतीवर पापड भाजतील. ह्याच्यात माणूस कुठला आणि भिंत कुठली?"

थर्मल परत कपाटात गेलं. मग दिपकनं एका डोळ्याच्या दोन दुर्बिणी मांडल्या. दोन्हींना पुढं न दिसणारा दिवा होता आणि त्याच उजेडात त्या बघत होत्या. एकीच्या खोक्यावर 'पन्नास पट मोठं' असं लिहिलेलं.

"पन्नास पट करून अंधारच मोठा दिसायचा न्हवं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "शटर ओढ."

या वेळी दिपकनं वाद घातला नाही. अंधारात अप्पांना 'पन्नास पट'वालीच्या तोंडाशी लाल ठिणगी दिसली.

"ही बिडी वढतीय काय? समोरच्याला कळंल की कुणीतरी बसलंय."

"दुसरीचा दिवा बिलकूल दिसत नाही," दिपक म्हणाला. "पण तिचं लांबचं कमी दिसतं."

"मला चंद्रावर बघायचं न्हाय, चेंबरवर बघायचंय. गच्चीपास्नं तीस पावलं." मनकर्णाबाईंनी दुसरी उचलली, अंधारातच एका मोबाइल कव्हरच्या पाकिटावरची किंमत वाचून दाखवली, हातात वजन तोलून बघितलं, चित्रीकरण कार्डावर साठतं का ते करून बघितलं, बॅटरी किती तास टिकते ते तीनदा विचारलं. "सहा हजार. बिलावर शिक्का दे. आणि टीव्हीला जोडायची वायर बी त्यातच."

"वायर वेगळी असते, मावशी."

"शटर ओढू काय परत?"

वायर मिळाली.

मंगळवारी पाण्याची रात्र होती. मनकर्णाबाई गच्चीवर खाटेवर बसल्या, दुर्बीण डोळ्याला, बोट बटनावर. दीडच्या सुमारास झाकणाचा आवाज आला. बटन दाबलं. सकाळी गल्लीनं चित्रीकरण बघितलं, तर नुसता पांढराफेक पडदा. मच्छरदाणी! कुंभारीत गच्चीवर झोपणारा माणूस मच्छरदाणी लावतो हे ठीक, पण आत बसून बघितलं तर दुर्बिणीचा सगळा उजेड जाळीवरच आपटून माघारी येतो. मिलिटरीला बहुधा डास चावत नसावेत.

उरला एक शनिवार. त्या रात्री मनकर्णाबाई जाळीबाहेर बसल्या. तीनशे डास जेवून गेले. पण रविवारी सकाळी मोबाइलच्या पडद्यावर माणूस उमटला. चेंबरपाशी आला, वाकला, लांब दांड्याच्या चावीनं व्हॉल्व फिरवला आणि निघून गेला. तोंड फडक्यानं झाकलेलं. पण कपडे! वरपासून खालपर्यंत पांढरेशुभ्र. फक्त उजवी बाही काळीकुट्ट.

"अण्णाच!" शेजारची दाक्षायणी ओरडली. "एवढं पांढरं दुसरं कोण घालतंय वसाहतीत?"

"आणि काळी बाही?" कुणीतरी विचारलं.

"चिखल लागला असंल."

गल्लीचं समाधान झालं. दुपारपर्यंत वसाहतभर बातमी गेली. फक्त गुरुलिंगअप्पा मोबाइल नाकाला लावून बसले होते.

"हा माणूस पांढऱ्या कपड्यात न्हाय," ते म्हणाले.

"अप्पा, तुमी कुणाच्या बाजूनं हाय?" दाक्षायणी खवळली.

"रंगाच्या."

ते घरी गेले, पत्र्याच्या पेटीतून काळ्या कापडाचे दोन नमुने घेऊन आले. उन्हात दोन्ही सारखेच काळे. मग त्यांनी मनकर्णाबाईंच्या स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावून घेतली आणि दुर्बिणीतून बघायला सांगितलं.

"अगं बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "एक पांढरं झालं की हो!"

"काळा रंगसुद्धा वेगवेगळा असतो, मावशी. एक सुताला धरून बसणारा, रिॲक्टिव्ह म्हणतात तो, आणि एक गंधकापास्नं केलेला. कारखान्यात आमी दोन ताके ट्यूबखाली बघायचो तर एक, उन्हात धरलं तर दोन. निम्मा जन्म भांडणात गेला माझा ह्याच्यावर. तुमच्या यंत्राच्या उजेडात पहिला काळा पांढरा दिसतोय, दुसरा काळाच राहतोय. त्या माणसाचा पोशाख काळाच हाय. बाही तेवढी नंतर दुसऱ्या कापडाची लावलीय."

"म्हंजे अण्णा न्हाय," दाक्षायणीचा चेहरा उतरला. "मग अप्पा, हे कुणाला सांगू नका की! अण्णावरच जाऊ दे. पांढरं तर पांढरं. लोकं मानतील."

मनकर्णाबाईंनी दुर्बीण खाली ठेवली. गल्लीची जोडणी आज संध्याकाळी जाणार होती आणि तिला वाचवायला एक सोपं खोटं तयार होतं. "न्हाय," त्या म्हणाल्या. "खोटं बोलायला यंत्र कशाला आणलं? ते तर फुकट जमलं असतं."

संध्याकाळी सभागृह भरलं. नंदीशअण्णा मंचावर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. डोक्यामागं भिंतीवर टीव्ही. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी सिद्धेश्वरीबाई. दाराशी समितीचा पहारेकरी भिमा उभा, काळ्या गणवेशात.

अण्णांना बातमी पोचलेली होतीच. त्यांनी हसत मोबाइल वर धरला. "मी काल रात्री कुर्डुवाडीला मेव्हण्याच्या घरी होतो. हा फोटो, चाळीस माणसं हायत ह्यात. पांढरे कपडे घालणं गुन्हा हाय काय, मावशी?"

लोक हसले. सातवी गल्ली मान खाली घालून बसली.

"तुमी न्हवताच तितं," मनकर्णाबाई उठून म्हणाल्या. "तेच सांगायला आलोय." त्यांनी टीव्हीला वायर जोडली, रात्रीचं चित्रीकरण लावलं. पांढरा माणूस, काळी बाही. सगळ्यांनी नीट बघितलं. "आता दिवे घालवा."

दाक्षायणीनं बटनं खाली केली. मनकर्णाबाईंनी दुर्बीण चालू करून खुर्च्यांवरून फिरवली. टीव्हीवर आपापली तोंडं बघून लोक केस सारखे करू लागले. मग दुर्बीण दारापाशी गेली. तिथं एक माणूस वरपासून खालपर्यंत पांढराशुभ्र उभा होता. उजवी बाही काळीकुट्ट.



"दिवे लावा!" अण्णा गरजले.

"असू दे अंधार. आमाला दिसतंय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "भिमा, तुझ्यावर कुणी चिडलं न्हाय. तू पगाराचा माणूस. चावी कोण देतंय, तेवढं सांग."

आणि त्यांनी दुर्बीण हळूच मंचाकडं वळवली. अण्णांची पाठ टीव्हीकडं होती. टीव्हीवर सगळ्या वसाहतीला दिसलं : अध्यक्ष ओठांवर बोट ठेवून भिमाकडं बघून मान हलवताहेत. मग तेच बोट त्यांनी गळ्यावरून आडवं फिरवलं.

पहिल्या हसल्या त्या सिद्धेश्वरीबाई. "अवं, मागं बघा की."

अण्णांनी मागं बघितलं. टीव्हीवर अण्णांची पाठ आली.

"अण्णांनीच चावी दिलती," भिमाचा आवाज आला. "फाटलेली बाही बी त्यांनीच बदलून दिली. न्हाय कसं म्हणणार?"

"त्यानं स्वतःच्या डोक्यानं केलं!" अण्णा ओरडले. "आणि ठराव ठरावच हाय! सातवीची जोडणी तोडायची, ह्याला विरोध असणाऱ्यांनी हात वर करावेत. उजेडात. बघू कोण करतंय."

उजेडात कोण करणार, हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. सेंटरवर गाडी धुऊन घेणारे, समितीच्या शिफारशीवर पोराला कामाला लावलेले, पाणी वेळेवर येतं एवढ्यावर समाधान मानणारे, सगळे याच सभागृहात होते.

"आमी अंधारातच मोजतो," मनकर्णाबाई म्हणाल्या. "जोडणी राहणार आणि व्हॉल्वची चावी सातवीकडं. करा हात वर."

टीव्हीवर हात उगवू लागले. आधी सातवीचे. मग सहावीचा एक, आठवीचे पाच. मागच्या रांगेतल्या, ज्यांनी आजवर बैठकीत जांभईशिवाय तोंड उघडलं नव्हतं, त्या सगळ्यांचे. दाराशी एक काळी बाही. आणि पहिल्या रांगेत बांगड्यांचा एक हात, जो बघून अण्णा खुर्चीत खाली बसले.

"आता लावा दिवे," अण्णा बारीक आवाजात म्हणाले. उजेडात निम्मे तरी खाली येतील, एवढीच आशा उरली होती.

दाक्षायणीनं सगळी बटनं एकदम वर केली. लख्ख उजेड पडला. लोकांनी डोळे मिचकावले, शेजाऱ्याकडं बघितलं, मंचाकडं बघितलं.

हात एकानंही खाली घेतला नाही.