सवतीची वेबसाइट

सवत जिवंत असती तर निदान भांडता तरी आलं असतं. गेलेल्या सवतीशी भांडायचं कसं, हे चष्मेवालीला लग्नाला इतकी वर्षं होऊनही उमगलं नव्हतं.

चष्म्याच्या दुकानात कामाला म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. पहिली बायको आजारपणात गेली, मग त्याने हिच्याशी लग्न केलं. माणूस सरळ, बोट ठेवायला जागा नाही. पण रविवार उजाडला की चष्मेवालीचं डोकं फिरायचं. कारण रविवारी चहा झाला की तो कॉम्प्युटरसमोर बसून पहिलीच्या वेबसाइटचा बॅकअप घ्यायचा.

पहिली रफू करण्यात तरबेज होती. झिजलेला कोपर, कसर लागलेली शाल ती अशी भरायची की फाटलेली जागा शोधून सापडू नये. ते सगळं तिने फोटोंसकट वेबसाइटवर मांडलं होतं. कुठून कुठून लोक प्रश्न विचारायचे, ती उत्तरं द्यायची. ती गेल्यावरही लोक वाचायला येतच राहिले.

नवरा एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवायचा, दुसरी पेनड्राइव्हवर. "लिफ्ट कधी एकाच दोरावर टांगत नाहीत," तो म्हणायचा. "एक तुटला तर दुसऱ्याने तोलून धरायला हवं."

आणि मला कोणी धरलंय, हे चष्मेवालीच्या ओठांवर यायचं. ते ती घोटभर चहाबरोबर गिळायची. त्यात नणंद आली की "मोठ्या वहिनीच्या हाताला जादू होती गं," असं म्हणून उसासा टाकायची, आणि वर "तू मनावर घेऊ नकोस हं!" म्हणजे आधी मीठ, मग तिखट.

खपली धरलेली जखम कुरतडल्याशिवाय राहवत नाही, तसं तिचं झालं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती गुपचूप सवतीची वेबसाइट वाचू लागली. बाई होती तरी कशी, एवढं काय होतं तिच्यात? वाचून जीव जळायचा, आणि न वाचता करमायचं नाही.

एके संध्याकाळी वेबसाइटवरचा वाचकांचा आकडा बघून नवरा खुशीत सांगायला आला, "बघितलंस? आज कोणीतरी एका बैठकीत निम्मी वेबसाइट वाचून काढली. लोक अजून विसरले नाहीत तिला!"

चष्मेवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. ते 'कोणीतरी' म्हणजे तीच! सवतीच्या वाचकांत आपणच भर घालतोय! दुसऱ्याच दिवशी तिने एकेका पानावरचा मजकूर, लोकांच्या प्रश्नोत्तरांसकट, दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. फोटो मात्र घेतले नाहीत. त्यातली ती लांबसडक बोटं तिला बघवत नसत. आता हवं तितकं वाचावं, सवतीचा आकडा काही वाढायचा नाही.

आणि मग एका रविवारी नवऱ्याने वेबसाइट उघडली, तर तिथे भलत्याच लॉटरीची जाहिरात. कोणीतरी आत घुसून सगळं पुसून टाकलं होतं.

"घाबरायचं कारण नाही," तो म्हणाला. "बॅकअप आहे आपल्याकडे."

हार्ड डिस्क उघडली. फोटो होते, सगळेच्या सगळे. पण लिहिलेली एक ओळ नव्हती. पेनड्राइव्हवर तेच. त्याने वेबसाइट ठेवली होती त्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे समजावलं, "फोटो एका ठिकाणी असतात साहेब, मजकूर दुसऱ्या ठिकाणी, डेटाबेसमध्ये. त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. तुमच्या प्लॅनमध्ये आम्ही तो घेत नाही. तुमच्याकडच्या प्रतीवरून साइट पुन्हा उभी करून कधी पाहिली होती का?"

नवऱ्याने फोन ठेवला. "लिफ्टचा ब्रेक दर खेपेला ओढून बघतो मी," तो स्वतःशीच म्हणाला. "आणि हे एकदाही तपासलं नाही."

चष्मेवालीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिने तोंड फिरवून कपाट आवरायला घेतलं. टळली एकदाची पीडा! आता रविवार माझा.

पण रविवार तिचा झाला नाही. नवरा कामावरून आला की आठवून आठवून पहिलीचं लिखाण लिहायला बसायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. जेवणाचं ताट निवून जायचं. आधी निदान एका सकाळपुरती असलेली सवत आता रोज घरात येऊन बसली.

शनिवारी दुपारी तो पुटपुटत टाइप करत होता, "सुई... उजवीकडून घालायची, आणि दोरा घट्ट ओढायचा..."

"डावीकडून!" पोळपाट सोडून चष्मेवाली कडाडली. "आणि घट्ट नाही ओढायचा. 'दोरा ओढून धरू नका, त्याला कापडात बसू द्या,' असं लिहिलंय तिने. काहीच्या बाही काय लिहिताय!"

नवरा सावकाश वळला. "तुला कसं माहीत?"

तिने पिठाचे हात पदराला पुसले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुझ्याकडे सगळं होतं. आणि आठवडाभर मला असं तडफडताना नुसती बघत राहिलीस?"

"हो, बघत राहिले. तुम्ही तिच्या प्रतींवर प्रती जपल्यात. माझं काय जपलंय तुम्ही?"

"तू तर घरातच आहेस."

"तीही होतीच की."

नवरा उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ कठड्याला टेकून उभा राहिला. आत आला तेव्हा डोळे लाल होते. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला. "तुझं दुकान आज किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

त्याचे फोटो आणि तिने उतरवलेला मजकूर जुळवताना पुढच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या. कुठला फोटो कुठल्या ओळीखाली, हे त्याला आठवत नसे. तिला तोंडपाठ होतं. या वेळी बॅकअप घेतल्यावर त्याने दुसऱ्या जागी सगळी साइट उभी करून पाहिली, मगच त्याला चैन पडलं.

साइट सुरू झाल्यावर एका बाईचा प्रश्न आला. लोकरीच्या कोटाला जळून भोक पडलंय, काय करू? नवऱ्याने कीबोर्ड चष्मेवालीपुढे सरकवला.

"मी? माझं नाव नाही त्यावर."

"मग घाल की."

तिने लिहिलं. आधी सांगितलं की करपलेली कड कापल्याशिवाय सुईला हात लावू नका, मग भरायचं कसं ते. खाली स्वतःचं नाव घातलं. नवऱ्याने खांद्यावरून वाकून वाचलं.

"छान आहे."

"तिच्यासारखं?" न राहवून तिने विचारलंच.

त्याने उत्तर पुन्हा एकदा वाचलं. "नाही. ती इतकं तोंडावर नसती बोलली. गोड बोलून त्या बाईला चार वाटा सांगितल्या असत्या, आणि बाई गोंधळली असती."

चष्मेवालीने ते वाक्य मनात दोनदा घोळवलं, आणि दुसऱ्या कोणाचा प्रश्न आलाय का ते बघायला लागली.