हरीऱ्याची गुठळी

डब्यात पुन्हा गुठळी निघाली तेव्हा मी तिला चक्क शिवी हासडली. मग घाबरून इकडेतिकडे पाहिलं. अम्मींची खाट रिकामी असली, तरी त्या खाटेसमोर मोठ्याने बोलायची माझी अजून हिंमत होत नाही.

मी मुबीना. खामगावात माझी कोरडी मिक्सं चालतात. केकचं, गुलगुल्यांचं, नानखटाईचं आणि सगळ्यांत जास्त हरीऱ्याचं. हरीरा म्हणजे रवा, खसखस, बदाम, खारीक तुपात भाजून दुधात शिजवलेली पातळ खीर. आमच्याकडे बाळंतिणीला आणि आजाऱ्याला देतात. रीतसर करायचा तर तासभर गॅससमोरून हलता येत नाही. रवा मंद आचेवर भाजत राहायचा, बाकीचं एकेक वेगळं भाजायचं, आणि एकदा दूध ओतलं की हात थांबवायचा नाही. मी हे सगळं एकदाच भाजून, दळून, त्यात दुधाची पावडर आणि पिठीसाखर घालून डब्यात भरते. उकळतं पाणी ओता, ढवळा, प्या. तासाचं काम दोन मिनिटांत, असं पाकिटावर छापूनच घेतलंय. मला त्याचा अभिमान होता. का नसावा?

कृती माझ्या सासूची, जमीला अम्मींची. मिक्स पाहून त्यांनी नाक मुरडलं होतं. "हरीरा काई घाईचं काम नाई, बेटा," असं म्हणायच्या. मी हसून सोडून द्यायचे.

जानेवारीत त्या तापाने पडल्या. खाट स्वयंपाकघराच्या दाराशी टाकली होती, त्यामुळे त्यांना पडल्या पडल्या गॅस दिसायचा. त्या दिवशी माझ्या तीन ऑर्डरी होत्या. बीबी गावच्या एका लग्नघराचं केकचं मिक्सच बारा किलो होतं. दुपारी अम्मी म्हणाल्या, "मुबीना, आज ताजा हरीरा कर ना. भाजून."

"डब्यात आहे ना अम्मी. तुमचंच सामान, तुमचंच माप."

"ताजा कर."

खरं सांगते, मला राग आला. हात कोपरापर्यंत मैद्याने भरलेले, लग्नघरचे फोनवर फोन, आणि यांना आत्ताच ताजा हवा. मी वाटीत मिक्स टाकलं, उकळतं पाणी ओतलं, दोनदा चमचा फिरवला आणि वाटी त्यांच्या हातात दिली. आत अक्रोडाएवढी एक गुठळी राहून गेली होती. त्यांनी ती चमच्याने फोडली. आत कोरडं पीठ होतं. दोन घोट घेऊन वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "झालं बेटा. तुह्यं काम कर."

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या अजानला त्या गेल्या. मी तेव्हा पाकिटं सील करत होते.

कय्यूम अब्बा, माझे सासरे, सगळा वेळ खाटेपाशी बसून होते. त्यांनी ती गुठळी पाहिली होती. पण मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

अम्मींचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी पुन्हा काम सुरू केलं, आणि हरीऱ्याच्या पहिल्याच डब्यात गुठळी निघाली. पाण्याचा थेंब लागलेला नाही, तरी अक्रोडाएवढी, अगदी वर. फोडली तर आत कोरडं पीठ. पावडर सर्दावली असेल म्हणून नवी आणली. रवा गच्चीवर वाळवला. बारीक चाळणीने दोनदा चाळलं, पीठ माझ्या डोळ्यांदेखत भुरभुर खाली पडलं, झाकण लावलं. सकाळी गुठळी होतीच. केकच्या डब्यात नाही, नानखटाईच्या नाही. नेहमी एकच, आणि नेहमी हरीऱ्याच्या.

"हवेनं होत असंल," माझा नवरा नौमान म्हणाला. एप्रिलचा महिना होता. खामगावच्या हवेत तेव्हा ओठ तडकतात, आणि म्हणे हवेनं.

मग पिंपळगाव राजाहून कोकिळाताईंचा फोन आला. त्यांच्या बाळंतीण मुलीसाठी पाकीट नेलं होतं. "चव मस्त हाय वं, पण त्याच्यात एक गठोळी निंगाली. पोरीनं फोडली तं आतून कोरडीच." त्या हसत सांगत होत्या. ते पाकीट मी तीनदा चाळून भरलं होतं.

मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. मरणाऱ्या माणसाने एक गोष्ट मागितली आणि मी दोन मिनिटांत कटवलं. अम्मी माझ्यावर नाराज होऊन गेल्या का, एवढंच मला कळायला हवं होतं. ते फक्त अब्बाच सांगू शकत होते, आणि त्यांना विचारायला जीभ रेटत नव्हती.

जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, गेलेल्याच्या आवडीचं करून फातिहा द्यायची आमच्यात पद्धत आहे. आतापर्यंत मी हरीरा सोडून सगळं केलं होतं. त्या जुमेरातीला दुपारीच फोन बंद केला, ऑर्डरी बाजूला सारल्या आणि कढईत तूप सोडलं.

रवा भाजत आला तेव्हा कुणीतरी मागून बघतंय असं मानेला जाणवायला लागलं. अब्बा मशिदीत होते, नौमान डिलिव्हरीला गेलेला. मी दूध ओतलं. मागे खाट करकरली, कोपरावर रेलून कुणी उठून बसावं तशी. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, पण मी वळले नाही. हात थांबला असता तर गुठळी झाली असती.

संध्याकाळी फातिहा झाली. अब्बांना वाटी दिली. त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मला राहवलं नाही.

"अब्बा, अम्मी माह्यावर नाराज होऊन गेल्या का?"

"काऊन? हरीऱ्यासाठी?" त्यांनी मान हलवली. "तिले कुठं भूक होती बेटा! दोन दिवसापासून घशाखाली काई उतरत नव्हतं."

"मंग ताजा काऊन मांगला?"

"तासभर लागते ना त्याले." ते वाटीकडे बघत राहिले. "मले म्हणे, मुबीना सारखी पयतच राह्यते. तिले हरीरा कराले लावतो. तासभर माह्या समोर उभी राह्यली का मंग सांगतो तिले."

"काय सांगणार होत्या?"

"मीनं इचारलं. म्हणे, तुमाले नाई, तिलेच सांगीन."

मी तिथेच खाली बसले आणि ढसाढसा रडले. अब्बांनी डोक्यावर हात ठेवला, तरी हुंदका आवरेना.

त्या दिवसापासून गुठळ्या बंद झाल्या. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट घर पहिल्यांदाच रिकामं वाटलं.

आता दर जुमेरातीला मी काम बंद ठेवते. दूध ओतते, ढवळत राहते. "बोला अम्मी," मी म्हणते, "मी इथंच हाय." त्या अजून बोललेल्या नाहीत.