विमानातली आई

लॉकरला किल्ली लावून सूनबाई रोज दोनदा मागे वळून बघायची, आणि रोज म्हणजे तरी काय, नोकरीचा आज तिसराच दिवस. विमान कंपनीच्या ग्राहक सेवेत मोबाइल आत न्यायला बंदी होती. प्रवाशांचे पत्ते, कार्डांचे नंबर पडद्यावर दिसतात, कोणी फोटो काढला म्हणजे? बरोबरच आहे म्हणा. पण जी बाई मोबाइल न्हाणीघरातसुद्धा सोबत न्यायची, तिला तो पत्र्याच्या कपाटात कोंडून वर जायचं म्हणजे जीवच खाली ठेवून जायचं होतं.

भीती एकाच गोष्टीची. घरी सासूबाई आणि सहा वर्षांची लेक भिंगरी, दोघीच. नवरा ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर. सासूबाईंना साखरेचा आजार. दुपारी इन्सुलिनची सुई आणि सुईपाठोपाठ जेवण. जेवण लांबलं तर साखर अशी झरझर उतरते की माणूस बसल्या जागी घामाघूम होतं, बरळायला लागतं, आणि वेळेत काही गोड पोटात गेलं नाही तर... पुढचं डॉक्टरसुद्धा बोलले नव्हते, नुसती मान हलवली होती. आजवर सुई टोचली की सूनबाई समोर ताट मांडायची आणि शेवटचा घास जाईपर्यंत जागची हलायची नाही.

"अगं, जा तू खुशाल," सासूबाई म्हणाल्या होत्या. "अर्ध्या दिवसाची तर नोकरी. मी काय कुकुलं बाळ आहे?"

"पण आई, सुई घेतली की आधी तुम्ही जेवायचं. भिंगरीला नंतर भरवा."

"हो गं बाई, हो! किती वेळा सांगशील? तू लोकांना विमानात बसव, आम्हाला तेवढं सुखाने जेवू दे."

कालही, परवाही ती धावतपळत घरी पोचली तेव्हा सासूबाई दारात हसत उभ्या होत्या. पोटभर जेवले म्हणाल्या. तरी आज किल्ली लावून ती पुन्हा दोनदा वळलीच.

वर एका लांबलचक खोलीत टेबलांच्या रांगा, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. सूनबाईच्या कानात पहिलाच माणूस वसकन ओरडला. त्याची बॅग भलत्याच शहरात उतरली होती. मग एक आजोबा आले, त्यांना खिडकीचीच जागा हवी होती आणि खिडकी उघडते का हेही विचारायचं होतं. तिने दोघांना गोड आवाजात उत्तरं दिली, पण डोळे सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे. भिंगरीची शाळा सुटली असेल. आता सुई घेतली असेल. आता जेवायला बसल्या असतील. बसल्या असतील ना?

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला लाल कार्ड वर झालं.

लाल कार्ड म्हणजे भारी काहीतरी. चष्मेवाल्या पोरीने एका हाताने ते उंच धरलं होतं, दुसऱ्या हाताने हेडफोन कानाशी दाबला होता. टीम लीडर धावले. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण चुकलं की ते माणसाला उभं करायचे.

"सगळ्यांनी ऐका!" मास्तर टाळी वाजवून म्हणाले. "लाइनवर एक लहान मुलगी आहे. तिची आई विमानात आहे म्हणते आणि ही मागे राहिलीय. शहर सांगता येत नाही. स्वतःचं नाव विचारलं तर 'अनोळखी माणसाला सांगायचं नाही' म्हणते. आईचं नाव विचारलं तर 'आई' म्हणते, बापाचं 'बाबा'. कुठे आहेस विचारलं तर 'इथेच'. आत्ता सुटणाऱ्या प्रत्येक विमानाची यादी उघडा. आई चढलीय आणि मूल चढलेलं नाही, असं तिकीट शोधा. चला!"

सूनबाईच्या अंगावर काटा आला. कसली बाई असेल ही! एवढंसं पोर मागे ठेवून बसली जाऊन विमानात? तिची बोटं भराभर चालायला लागली. निदान या कामात तरी तिला घड्याळाचा विसर पडला. आणि सापडलं की तिलाच! आई चढलेली, शेजारची लहान मुलीची जागा रिकामी.

"सापडली!" ती ओरडली.

मास्तरांनी विमानतळाला फोन लावला. दार बंद होत आलेलं विमान थांबवलं. त्या बाईला जागेवरून उठवलं. सगळी खोली माना वळवून बघायला लागली. मग मास्तरांचा चेहरा पडला. त्या बाईच्या मुलीला ताप आला होता आणि ती बापाजवळ घरी झोपली होती. झालं! इतका वेळ फुकट गेला आणि एक आई उगाचच घाबरली.

"विचार अजून काहीतरी," मास्तर चष्मेवालीवर खेकसले.

"सर, सगळं विचारलं. विमान, शहर, जागेचा नंबर, सामान."

हे सगळं विचारलं होतं, कारण हरवलेल्या मुलांसाठी कंपनीने तेवढेच प्रश्न ठरवून दिले होते. आई कशाला हवीय, हे मात्र कोणी विचारलंच नव्हतं. कोणाला सुचलंही नाही, शहाणे सगळे! चष्मेवालीने आता ते विचारलं आणि तिचा आवाज बदलला.

"सर... ती म्हणते, आजी उठत नाहीये. आजीला खूप घाम आलाय आणि ती हिला भलत्याच नावाने हाक मारतेय."

सूनबाईची खुर्ची मागे कोसळली. नोकरी नक्की झाली तेव्हापासून आठवडाभर ती घरी 'नमस्कार'पासून सगळं मोठ्याने घोकत होती, कंपनीच्या नंबरासकट. भिंगरी तिला चिडवायला तो नंबर घरभर म्हणत हिंडायची. आई विमानाच्या नोकरीला जाते म्हणजे विमानात बसून बोलते, एवढंच त्या पोरीला कळलं होतं. आईचा मोबाइल कोणी उचलेना, म्हणून तिने विमानाला फोन लावला होता.

"माझी आहे! माझी मुलगी आहे ती!" टेबलांच्या रांगांमधून ती सुसाट धावली. वाटेतच तिने मास्तरांना पत्ता ओरडून सांगितला, "अँब्युलन्स बोलवा, सासूबाईंची साखर उतरलीय!" आणि चष्मेवालीच्या कानावरून हेडफोन ओढून घेतला.

आणि तोंडातून काय निघालं? घोकून घोकून बसलेलंच. "नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

"मला माझी आई पाहिजे," भिंगरी हुंदका देत म्हणाली.

"अगं, मीच! मीच बोलतेय, राणी!"

"उतरलीस तू विमानातून?"

"हो, उतरले. भिंगरे, नीट ऐक. आजी गिळू शकते का? पाणी प्यायली?"

"थोडं प्यायली. थोडं सांडलं."

"साखरेचा डबा घे."

"तूच वर ठेवलास ना, माळ्यावर. आजी खाते म्हणून."

सूनबाईने कपाळावर हात मारून घेतला. खरंच, घरातलं गोड म्हणून जेवढं होतं, ते सगळं तिने स्वतःच्या हाताने माळ्यावर चढवलं होतं. "आणखी काही गोड? आठव ना गं, काहीही!"

मग अगदी बारीक आवाजात, "तू आजीला रागावणार नाहीस?"

"नाही, नाही. बोल."

"कपाटात कपड्यांच्या मागे ज्यूसचे खोके आहेत. शाळेतून येताना आजी घेते. आम्ही दोघी पितो."

"पळ! आण! नळी आजीच्या तोंडात दे. घोट घोट. झोपवू नकोस, टेकवून बसव."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, मग कपाटाचं दार. सूनबाई दोन्ही हातांनी टेबल धरून उभी राहिली. मास्तर दुसऱ्या फोनवर अँब्युलन्सला रस्ता समजावत होते. कानात भिंगरीचं लांबून "पी ना गं, पी ना" ऐकू येत होतं, आणि सासूबाईंचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. देवा, एवढी वेळ निभावून ने, नको मला नोकरी, ती मनात म्हणत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. मग नळीतून हवा ओढल्याचा घुर्र आवाज आला. खोका संपला होता. पाठोपाठ दुसरा आला. आणि मग कोणीतरी फोन उचलला.

"हॅलो," सासूबाईंचा आवाज, खोल गेलेला, जड. "कोण, विमानवाले का? पोरीने उगाच त्रास दिला तुम्हाला."

सूनबाईने हेडफोन कानाशी घट्ट दाबला.

"एक विनंती आहे हो. आमची सून तुमच्याकडे नवीन लागलीय. तिला यातलं काही कळू देऊ नका. घाबरट आहे ती, लगेच सोडून बसेल. घास पोरीला भरवता भरवता माझा राहून जातो, एवढंच. कालही झालं, परवाही. आजच जरा जास्त झालं. नाही ना सांगणार?"

"नाही," सूनबाई कशीबशी म्हणाली. "नाही सांगणार." आणि तिला हुंदका आवरला नाही.

मग सासूबाईंनी हळूच विचारलं, "सूनबाई, तूच का गं?"