मूक्कुत्तीचा कवडसा

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर सकाळी एक कवडसा हिंडत असे. पूर्वेच्या झरोक्यातून आलेले ऊन अंबूच्या मूक्कुत्तीवर, नाकातल्या त्या हिऱ्याच्या खड्यावर पडे आणि तिथून उडालेला प्रकाशकण चुन्याच्या भिंतीवर थरथरत राही. ती बोलू लागली की तो नाचे, रागावली की निश्चल होई. माझ्या पत्नीचे मन मी वर्षानुवर्षे तिच्या चेहऱ्याकडे न बघता त्या भिंतीवर वाचीत आलो.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आम्हा मराठी घरांत तमिळ केव्हाच मुरलेली आहे. अंबूच्या बोलण्यात एक शब्द सतत येई, सेरि. होकाराला सेरि, निरोपाला सेरि, आणि वाद मिटवायचा असला तरीही सेरि. सूर तेवढा निराळा.

ते दिवस गल्लीच्या डोक्यावरून केबलच्या तारा धावू लागल्याचे, आणि मद्रासच्या रुग्णालयांत परदेशी यंत्रे येऊ लागल्याचे. अंबूच्या चोळीला आतून एक तांबडा ठिपका लागू लागला होता. इथल्या दोन तपासण्यांत स्तनात काहीच दिसले नाही. डॉक्टरीणबाईंचा संशय मात्र गेला नाही. मद्रासला एमआरआय करा, म्हणाल्या. लपलेली जागा सापडली तर त्याच यंत्राच्या साह्याने बारीक सुई नेमकी तिथवर नेतात, कणभर मांस तपासायला काढतात. चिरफाड नाही, टाका नाही. पालथे निजायचे, हलायचे नाही. आणि यंत्र म्हणजे प्रचंड लोहचुंबक, म्हणून अंगावर धातूचा तुकडाही नको.

ऐप्पसी महिन्याचा पाऊस लागला होता. कावेरीचे कालवे तुडुंब भरून वाहत होते, आणि आमच्या तिण्णैवर, म्हणजे दारच्या ओट्यावर, अंबू संध्याकाळच्या करड्या उजेडात नाकाला खोबरेल लावीत बसे. लग्नापासून न हललेला मळसूत्री फिरका दोन बोटांत धरून ती हळूहळू, एखाद्या रुसलेल्या मुलाची समजूत काढावी तशी, फिरवीत राही. जुना भाडेकरू आहे, गोडीनेच उठवायला हवा, असे शेजारणींना सांगून हसे. दुपारी ती लाल गुळगुळीत जमिनीवर हात पुढे पसरून पालथी पडे. पहिल्यांदा मी दारातच थबकलो. तिच्या अंगात श्वासाचीही हालचाल दिसेना. मान न वळवता ती म्हणाली, न हलण्याचा सराव करतेय, जाताना तुमची सावली बाजूला न्या.

निघायच्या सकाळी ती ओट्यावर माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तळहातावर मूक्कुत्ती होती. नाकपुडीवर मोहरीएवढे छिद्र उरले होते आणि त्यातून उजेडाची एक बारीक तार आरपार दिसत होती. ती प्रसन्न होती.

"हे भोक बघा," ती म्हणाली. "सुईचंही एवढंच राहणार म्हणे."

आमच्याकडे मूक्कुत्ती एकाच दिवशी उतरते, नवरा गेल्यावर. त्या छिद्राकडे पाहताना मला तिच्या रोगाचे भय वाटले नाही. स्वतःच्या मरणाचे वाटले. माझ्या तोंडून तीनच शब्द निघाले.

"मी जिवंत असताना?"

पाऊस पन्हळीतून गळत होता. तिने मूठ मिटली.

"सेरि," ती म्हणाली, आणि आत गेली.

दुसऱ्या सकाळी कवडसा भिंतीवर परत आला होता. निश्चल होता. आम्ही मद्रासला गेलोच नाही. पुढे गाठ हाताला लागली, तेव्हा ती शोधायला कोणत्याच यंत्राची गरज उरली नव्हती.

सवाष्ण गेली, बायका म्हणाल्या. जीव दिला पण नवऱ्याची खूण उतरवली नाही. मी होकारार्थी मान डोलावली. मग प्रत्येक लग्नात नवरीच्या नाकात खडा घालताना ही कथा सांगितली जाऊ लागली, आणि मी पंगतीत बसून, मान खाली घालून, ती ऐकत जेवत राहिलो.

यंदाच्या ऐप्पसीत आमची लेक आली. आईची मूक्कुत्ती आता तिच्या नाकात आहे. तिच्याही डॉक्टरांनी हीच तपासणी सांगितली आहे. ती हसून म्हणाली, "मी आईचीच लेक, अप्पा. नाही काढणार."

"तुझ्या आईनं काढली होती," मी म्हणालो, आणि सगळे सांगितले. तळहात, छिद्र, माझे तीन शब्द.

पावसाकडे बघत तिने विचारले, खोबरेल कुठे ठेवता.

आज ती रिकाम्या नाकाने तपासणीला गेली. ऊन त्याच झरोक्यातून आले आणि भिंतीवर कुठेही न थरथरता सरकत गेले. अंबू पतिव्रता म्हणून मेली नाही; तिला जगायचे होते. एवढे एक वाक्य बोलायला मला लागलेला काळ म्हणजेच तिला न मिळालेली सारी वर्षे, आणि ती मीच जगलो.